वगळायच्या यादीतलं एकतिसावं नाव

जयमाला मापारी आमच्या दवाखान्यात लागल्या तेव्हा तिथं एकच संगणक होता आणि त्यावर पिवळ्या कापडाचं झाकण असायचं. सकाळी ते झाकण काढायचं आणि संध्याकाळी घालायचं काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत. बुलडाण्यातला हा डोळ्यांचा दवाखाना एका ट्रस्टचा आहे आणि मी तिथं चष्म्याच्या काउंटरवर बसतो. या गोष्टीतलं थोडं मी स्वतः पाहिलं. बाकीचं जयमालाताईंनी मला सांगितलं, काउंटरमागच्या बाकावर बसून, हातातला चहा गार होईपर्यंत. सांगताना त्यांनी स्वतःला कुठं पाठीशी घातलं नाही, म्हणून मीही घालणार नाही.

त्या मूळच्या डोणगावच्या. लग्न होऊन बुलडाण्यात आल्या, आणि नवरा गोपाल मोताळ्याच्या शाळेत शिक्षक असल्यानं दिवसभर घरात एकट्या पडू लागल्या. म्हणून संगणकाचा कोर्स केला आणि दवाखान्यात अर्ज दिला. त्या काळी पेशंटचे केसपेपर लाकडी कपाटात गठ्ठे करून ठेवलेले असत आणि जुना केसपेपर सापडेपर्यंत म्हातारी माणसं बाहेर बाकड्यावर ताटकळत. ताईंनी दोन वर्षं खपून ते सगळे केसपेपर संगणकात घातले. पुढं संगणक वाढले, एक सर्व्हर आला, पण आतली सगळी मांडणी ताईंच्या हातची. कुठल्या टेबलात पेशंटचं नाव, कुठल्यात चष्म्याचा नंबर, कुठल्यात ऑपरेशनची तारीख, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. एकदा यूपीएस जळाला आणि खोलीत धूर झाला, तेव्हाही एक नोंद गेली नाही. कारण ताई रोज घरी निघण्यापूर्वी सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेत.

पण जे हरवत नाही त्याचं कौतुक कोण करतं? केसपेपर निघाला तर तो निघायलाच हवा होता. निघायला पाच मिनिटं लागली तर मात्र, ‘मापारी मॅडम, काय झालं?’ वीस वर्षांत त्यांच्या नावापुढचं ‘मॅडम’ कधी सुटलं नाही.

निशिगंधा लहाने आली ती लॉकडाऊनच्या आधी, स्वागताच्या टेबलावर. बारीक अंगाची, बोलकी मुलगी. पंधरा दिवसांत सगळ्यांची निशी झाली. आमचे मोठे डॉक्टर, राजकुमार टेकाळे, कुणाला सहसा पहिल्या नावानं हाक मारत नाहीत, पण तेही निशी म्हणू लागले. ताईंनी मला सांगितलं की एका दिवशी त्यांनी मोजलं होतं. डॉक्टर सकाळपासून दुपारपर्यंत अकरा वेळा निशी म्हणाले आणि एकदाच मापारी मॅडम, तेही प्रिंटर अडकला म्हणून.

लॉकडाऊनमध्ये पेशंट येईनासे झाले. मोतीबिंदूवाले थांबू शकत होते, पण काचबिंदूवाल्यांचं तसं नसतं. डोळ्यातला दाब वाढत राहतो, दुखत नाही, कळत नाही, आणि नजर कडेकडेनं आत विझत येते. गेलेली नजर परत येत नाही. त्यांना रोज थेंब घालावे लागतात, आयुष्यभर. निशिगंधा डॉक्टरांना म्हणाली, “सर, मी फोन लावत जाऊ का त्याईले? थेंब घालून राह्यले का नाई, एवढं तरी इचारतो.”

डॉक्टरांनी होकार दिला. फोनवर काय बोलणं झालं ते लिहायला जागा हवी होती, म्हणून निशिगंधा ताईंकडे गेली. ताईंनी एक नवीन टेबल करून दिलं: पेशंटचा क्रमांक, चालू फोन नंबर, फोन केल्याची तारीख, पुढच्या फोनची तारीख आणि शेरा. नाव देताना त्या क्षणभर थांबल्या आणि त्यांनी टाइप केलं, ‘टेम्प-फोन’. टेम्प म्हणजे तात्पुरतं.

“दोन महिन्याचं काम आहे तुझं,” त्या म्हणाल्या. “नंतर काढून टाकू.”

“हाव ताई,” निशिगंधा म्हणाली.

दोन महिन्यांचं काम पाच वर्षं चाललं. निशिगंधा दुपारी बारापासून दोनपर्यंत फोन लावायची आणि बोलता बोलता लिहायची. ते शेरे ताई कधीकधी उघडून वाचत. चुका शोधायला वाचत, असं त्यांनीच सांगितलं. चुका सापडायच्या. काना-मात्रा नाही, तारीख उलटी. पण त्यासोबत बाकीचंही वाचलं जायचं. ‘हा नंबर शेजारच्या किराणावाल्याचा, सकाळी दहाच्या आत करणे.’ ‘सून थेंब घालते, सून माहेरी गेली की बंद होतात, नातवाला शिकवले.’ ‘थेंबाची बाटली देवाजवळ ठेवतात, आरती झाली की घालतात, म्हणून विसरत नाहीत.’ ‘कानाने कमी, हळू बोलू नये.’ ताईंच्या टेबलांमध्ये माणसाचं वय आणि गाव होतं. या टेबलात माणूस होता. हे वाक्य माझं आहे, ताई एवढंच म्हणाल्या, “मले तेवढं जमलं नसतं, आणि तेच मले सहन होत नव्हतं.” रागात किंवा दुःखात असल्या की त्या डोणगावचं बोलू लागतात, एरवी ऑफिसात शुद्ध बोलतात.

काचबिंदूचे पेशंट वेळेवर येऊ लागले. ट्रस्टच्या वार्षिक कार्यक्रमात निशिगंधाला शाल आणि नारळ दिला, पेपरात फोटो आला. पडद्यावर तिचे आकडे दाखवायचे होते, म्हणून प्रोजेक्टरची वायर धरून ताई भिंतीजवळ उभ्या होत्या. ते आकडे त्यांनीच काढून दिले होते. भाषणात डॉक्टर म्हणाले, “ही मुलगी म्हणजे या दवाखान्याची स्मरणशक्ती आहे.” ताई मला म्हणाल्या की त्या शब्दावर त्यांच्या हातातली वायर निसटली आणि पडदा काळा झाला. लोक हसले. “मापारी मॅडम, जरा बघा,” डॉक्टर म्हणाले.

घरीही सुटका नव्हती. गोपालरावांच्या आईचं काचबिंदूचं ऑपरेशन आमच्याकडेच झालेलं. एकदा जेवताना गोपालराव सहज बोलून गेले, “आईले आज निशिगंधाचा फोन आला होता. लय गोड बोलते वो ते पोरगी. आई म्हणे, घरच्यावानी इचारते.” ताईंनी भाजी वाढली आणि आत निघून गेल्या. सासूच्या डोळ्यांत सहा वर्षं थेंब ताईच घालत होत्या.

मागच्या वर्षी ट्रस्टनं नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. जुन्या सर्व्हरमधला सगळा मजकूर नव्यात न्यायचा होता आणि ते काम नागपूरच्या एका कंपनीकडे गेलं. त्यांच्याकडून धम्मरत्न हिवाळे नावाचा इंजिनिअर आला. तिशीतला, वडनेर भोलजीचा. मलकापूरला गाडीतून उतरून राजूर घाटानं एसटीनं वर आला तो थेट ताईंच्या खोलीत. त्यानं सर्व्हर उघडून मांडणी पाहिली आणि म्हणाला, “ताई, हे तुम्ही एकटीनं केलं?”

“हो.”

“मी लय दवाखाने पाह्यले. एवढं नीट कुठंच नव्हतं.”

ताईंना वीस वर्षांत हे पहिल्यांदा कुणी म्हणालं होतं. त्या तीन आठवडे त्या कामात बुडून गेल्या. डबा खायलाही खोलीबाहेर येत नसत.

सगळंच्या सगळं उचलून न्यायचं नसतं, हे धम्मरत्ननं आधीच सांगितलं. जुन्या सर्व्हरमध्ये वर्षानुवर्षांचा गाळ असतो. कुणी तपासायला केलेली टेबलं, अर्धवट प्रती, बंद पडलेले रिपोर्ट. तो गाळ नव्यात नेला की नवंही जुनं होतं. म्हणून नियम ठरवायचे, ज्याला ते फिल्टर म्हणतात. काय घ्यायचं, काय वगळायचं. घेतलेल्या टेबलातूनही कुठल्या नोंदी घ्यायच्या. दहा वर्षांत एकदाही न आलेले पेशंट नव्यात घ्यायचे नाहीत, ते वेगळ्या डिस्कवर ठेवायचे, हे डॉक्टरांनी ठरवलं. बाकीचं सगळं ताईंवर सोडलं.

“एकेक नाव लिहीत बसलो तर जन्म जाईल,” धम्मरत्न म्हणाला. “आपण नावाच्या सुरुवातीवरून वगळू. ‘टेस्ट’नं सुरू होणारं सगळं बाद. ‘कॉपी’नं सुरू होणारं बाद. ‘टेम्प’नं सुरू होणारंही बाद करू का? तो कचराच असतो बहुतेक.”

ताईंना ते टेबल त्याच क्षणी आठवलं. त्यांनी मला शपथेवर सांगितलं की विसरले असं म्हणता आलं असतं, पण विसरल्या नव्हत्या. उलट इतकं लख्ख आठवलं की त्यावरचा पहिला शेरासुद्धा डोळ्यांपुढं आला.

“हाव,” त्या म्हणाल्या. “बाद करा.”

दोन दिवसांनी त्यानं वगळायची यादी छापून सहीसाठी आणली. त्रेचाळीस नावं, प्रत्येकापुढं आत किती ओळी आहेत त्याचा आकडा. बहुतेकांपुढं शून्य, बारा, चाळीस. एकतिसाव्या नावापुढं अकरा हजार चारशे सव्वीस. धम्मरत्ननं तिथं पेन्सिलनं गोल करून लिहिलं होतं, ‘एवढ्या ओळी? तपासा.’ तो यादी ठेवून चहा प्यायला गेला. ताई त्या गोलाकडे पाहत बसल्या. बाहेर स्वागताच्या टेबलावर निशिगंधा फोनवर कुणाशी तरी हसत होती. “आजी, तुम्ही आल्या का मी तुमाले डॉक्टरच्या खोलीत सोता घेऊन जाईन,” असं काहीतरी. ताईंनी खोडरबरानं तो गोल पुसला नाही. फक्त खाली सही केली, तारीख घातली आणि कागद उलटा करून ठेवला.

धम्मरत्न परत आला तेव्हा त्यानं सही पाहिली आणि यादी बॅगेत टाकली. तपासलं असेल असं त्यानं गृहीत धरलं. दुसरं काय करणार?

पोळा झाला आणि त्याच आठवड्यात नवीन सॉफ्टवेअर सुरू झालं. जुना सर्व्हर तीन महिने तसाच ठेवायचा आणि मग पुसायचा, असं ठरलं होतं. पहिल्या सकाळी सगळेच गोंधळलेले होते, पण केसपेपर सेकंदात निघत होते. डॉक्टर ताईंच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, “मापारी मॅडम, उत्तम झालं.” ताई म्हणाल्या की ते ऐकून जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, कारण त्यांचं लक्ष बाहेर लागलं होतं.

निशिगंधा दुपारी बारा वाजता आली. “ताई, माह्या फोनच्या नोंदी कुठी दिसतात आता?”

“नव्यात तसं पान नाही.”

“मंग जुन्या नोंदी?”

“बघावं लागेल.”

निशिगंधा उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, काळजी होती. तिनं आवाज उतरवला. “ताई, माह्या हातानं काही दाबल्या गेलं का वो? शनिवारी मी तठी काही तरी बंद केलं होतं. डॉक्टरले सांगू नोका.”

“नाही,” ताई म्हणाल्या. “तू काही नाही केलं.” एवढं तरी त्या खरं बोलल्या.

डॉक्टरांनी दोनदा विचारलं. पहिल्यांदा ताई म्हणाल्या, कंपनीला विचारते. दुसऱ्यांदा म्हणाल्या, त्यांचं उत्तर आलं नाही. त्यांनी विचारलंच नव्हतं.

आता निशीचं तेज उतरेल, असं ताईंना वाटलं होतं. झालं उलटं. निशिगंधानं दोनशे पानी वही आणली आणि आठवेल तसं लिहायला बसली. पहिल्या दिवशी तिला नव्वद माणसं आठवली, गावासकट, सुनांच्या नावासकट. मग आमच्यापैकी एकेक जण तिच्या टेबलाभोवती जमू लागला. नर्स सांगायच्या, ड्रायव्हर सांगायचा, मी चष्म्यांच्या पावत्यांवरून सांगायचो. डॉक्टरसुद्धा ऑपरेशनांच्या मधल्या वेळात खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, “तो चिखलीचा पेन्शनर, निशी, घेतला का?” दवाखान्यात एवढी एकी मी कधी पाहिली नव्हती. ताई आपल्या खोलीच्या काचेतून पाहत होत्या. त्यांच्या हातात अकरा हजार ओळी होत्या आणि त्या एकट्या होत्या. तिच्याकडं फक्त एक वही होती आणि सगळा दवाखाना होता. “मी तिचं सगळं काढून घेतलं तरी तिलेच जास्त भेटलं,” ताई मला म्हणाल्या. “तवा मले तिचा एवढा राग आला का मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.”

वहीत तीनशे वीस माणसं झाली आणि पुढं आठवेना. काचबिंदूचे पेशंट हजारावर होते.

दिवाळी झाल्यानंतरच्या आठवड्यात देऊळघाटच्या सिंधूताई आल्या. साठीच्या पुढच्या, उंच, ताठ चालीच्या. नवरा पंजाबराव सोबत होते. सिंधूताईंच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, उजवी नजर आधीच जवळपास गेलेली, डाव्यावर सगळा संसार. दवाखान्यात शिरताना त्या डाव्या बाजूच्या खांबाला धडकल्या. मी काउंटरवरून ते पाहिलं. डाव्या बाजूचा खांब आणि डावाच डोळा शाबूत, तरी दिसला नाही.

तपासणीत दाब छत्तीस निघाला, एकवीसच्या आत हवा तिथं. डॉक्टरांनी विचारलं, “थेंब घालता ना?”

“नाई,” सिंधूताई म्हणाल्या. “बंद केले.”

“कुणी सांगितलं बंद करायला?”

“कोणीच नाई सांगतलं. निशीचा फोन दर महिन्याले यायचा, बाटली संपली का नवी आना म्हनून. पोळ्यापासून फोन आला नाई. मले वाटलं, आता बरं झालं असंन, म्हनून नाई आला.”

निशिगंधा तिथंच उभी होती. तिनं तोंडावर हात धरला. देऊळघाटच्या दोन सिंधूताई होत्या. वहीत तिनं एकच लिहिली होती आणि फोन त्या दुसरीलाच लावत होती. त्या दिवशी ती रडली ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पंजाबरावच तिची समजूत घालत होते. “अवं बाई, तुही काय चुकी? आमीच येडे. याले पायजे होतं आमी.”

नजरेचा आलेख काढायचं यंत्र ताईंच्या खोलीला लागूनच आहे. नवीन आलेख जुन्याशेजारी पडद्यावर लावायचं काम ताईंचं. त्यांनी दोन्ही लावले. फेब्रुवारीतल्या आलेखात काळा भाग, म्हणजे गेलेली नजर, कडेला होता. नव्यात तो खालून आणि बाजूनं आत सरकला होता. ताईंनी हजारो आलेख पाहिले होते, पण असा पाहिला नव्हता, कारण याआधी आलेख त्यांच्यासाठी एक फाइल असायचा. बाहेर निशिगंधा हुंदके देत होती आणि तिच्याभोवती माणसं होती. त्या घटकेलाही पहिला विचार आला तो हाच, की बघा, रडली तरी सगळे तिच्याकडंच. दुसरा विचार त्यानंतर आला. तो आला तेव्हा ताई खाली बसल्या.

त्यांनी धम्मरत्नला फोन लावला.

“एक टेबल राहून गेलं,” त्या म्हणाल्या. “टेम्प-फोन.”

तो म्हणाला, “ताई, त्यावर मी पेन्सिलनं खूण केली होती.”

“मी पाह्यली होती.”

“मंग?”

“मले माहीत होतं त्यात काय आहे. तरी सही केली.”

धम्मरत्ननं का म्हणून विचारलं नाही. तो म्हणाला, “सर्व्हर पुसला नाही ना अजून? अठरा दिवस आहेत. बंद असंन तर चालू करून ठेवा, मी उद्या येतो.” मग पुढं, “ताई, हे मी कंपनीत सांगणार नाही. पण तुमच्या डॉक्टरले तुम्ही सांगा. माह्याकून नोका कळू देऊ.”

त्याच दुपारी ताई डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. पाच मिनिटांत बाहेर आल्या. डॉक्टर ओरडले नाहीत, आमच्यापैकी कुणालाच आवाज आला नाही. ते फक्त म्हणाले होते, “लेखी द्या.” ताईंनी हातानं एक पान लिहून दिलं. त्यात ‘नजरचुकीनं’ हा शब्द नव्हता. मी ते पान पुढं पाहिलं, म्हणून सांगतो.

निशिगंधाला मात्र ताईंना स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं. ते त्यांना डॉक्टरांपेक्षा जड गेलं. निशिगंधा वही घेऊन बसली होती.

“तुझ्या हातून काही दाबलं गेलं नव्हतं,” ताई म्हणाल्या. “मी वगळलं. मुद्दाम.”

निशिगंधाला आधी समजलंच नाही. “मुद्दाम म्हंजे?”

“मले तुझा हेवा वाटत होता.”

तिनं हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाली, “मले तर तुमची भीती वाटाची. मी दोन महिने झोपली नाई ताई, माह्या हातानं गेलं म्हनून.” आणि वही मिटून उठून गेली. ते तिचं शेवटचं ‘ताई’. त्यानंतर ती मापारी मॅडमच म्हणते.

धम्मरत्न दुसऱ्या दिवशी आला. त्यानं फिल्टर उलटा केला: सगळं वगळायचं, एकच घ्यायचं. दहा मिनिटांत अकरा हजार ओळी नव्यात उतरल्या. पण काम तिथं संपलं नाही. नव्या सॉफ्टवेअरनं प्रत्येक पेशंटला नवा क्रमांक दिला होता आणि या ओळींवर जुने क्रमांक होते. जुळवणी यंत्रानं झाली ती नऊ हजारांची. उरलेल्या ओळींपैकी काहींचे पेशंट दोन ठिकाणी दोन नावांनी होते, काहींचे दहा वर्षांच्या नियमात बाहेर राहिले होते. ते दवाखान्यात आले नव्हते, पण निशिगंधा त्यांना फोन करत होती, थेंब गावातल्या दुकानातून घ्यायला लावत होती. दवाखान्याच्या लेखी ते संपलेले पेशंट होते.

त्या चोवीसशे-पंचवीसशे ओळी हातानं जुळवायच्या होत्या. ते काम ताईंनी मागून घेतलं. डिसेंबर सगळा त्यात गेला. जुळवायचं तर शेरा वाचावा लागायचा, कारण कुठली भिमाबाई कुठली हे शेऱ्यावरूनच कळायचं. ताईंनी एकेक शेरा वाचला. चूक सापडली की अजूनही बरं वाटायचं, हे त्यांनी कबूल केलं. एकदा एका माणसाच्या नावावर निशिगंधानं दुसऱ्याचाच मजकूर लिहिलेला सापडला, तेव्हा त्या अर्धा दिवस खुशीत होत्या. मग तो मजकूर त्यांनी योग्य नावावर हलवला आणि पुढची ओळ घेतली.

ट्रस्टच्या बैठकीत ताईंना काढून टाकायची गोष्ट निघाली. डॉक्टरांनी ते होऊ दिलं नाही. ते दया म्हणून नव्हतं. ते म्हणाले, “ही जुळवणी दुसरं कुणी करू शकणार नाही.” पण सहीचा अधिकार काढला. नोंदींची जबाबदारी निशिगंधाकडे गेली. खोली तीच, खुर्च्या बदलल्या. ताई आता तिच्या हाताखाली काम करतात. ज्या माणसाला लांबून नुसता हेवा करणंही जड जात होतं, त्याला रोज सकाळी दहा ते पाच त्याच खुर्चीकडे बघत बसणं कसं वाटत असेल, मी विचारलं नाही. त्यांनी राजीनामा का दिला नाही, एवढं विचारलं.

“गेली असती तर घरी बसून तिलेच शिव्या देल्या असत्या,” त्या म्हणाल्या. “इथं तसं नाई करता येत. काम पुढं असते.”

सिंधूताईंची गेलेली नजर आली नाही. दाब आता पंधरा-सोळावर आहे, जे उरलं ते टिकेल असं डॉक्टर म्हणतात. जानेवारीत एका रविवारी ताई देऊळघाटला गेल्या, एकट्या. सिंधूताई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या, हाताच्या अंदाजानं. ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. सिंधूताईंना संगणकाचं काही कळलं नाही, पण मुद्दा कळला.

“म्हंजे तुमच्या दोघींच्या भांडनात माहा डोळा गेला,” त्या म्हणाल्या.

“भांडण नव्हतं. ती तर बोललीही नाही. माह्याच मनात होतं.”

सिंधूताईंनी शेंगा सोलायचं थांबवलं नाही. पंजाबरावांनी पाणी आणून दिलं, चहाचं मात्र विचारलं नाही. ताई पाणी प्यायल्या आणि परतल्या.

आता काचबिंदूचे पेशंट पंधराशेवर गेलेत आणि निशिगंधा एकटी पुरत नाही. म्हणून गेल्या महिन्यापासून डॉक्टरांनी फोनचे दोन भाग केले आणि अर्धी यादी ताईंना दिली. ताईंना फोनवर बोलता येत नाही. त्या केसपेपर वाचल्यासारख्या बोलतात. “तुमची औषधाची बाटली संपण्याची तारीख झालेली आहे.” पलीकडची माणसं घाबरतात. परवा मी काउंटरवर पावत्या लावत होतो आणि दार उघडं होतं. कचरू नावाच्या एका म्हाताऱ्याला ताईंनी फोन लावला होता. दोन वाक्यं झाल्यावर तो म्हणाला असावा, ती दुसरी बाई नाही का. ताईंचा चेहरा मला दिसला. कुणी गालफडात मारावी तसा झाला होता.

“आहे,” त्या म्हणाल्या. “थांबा, देते.”

रिसीव्हर त्यांनी टेबलावरून पुढं सरकवला. निशिगंधानं तो घेतला, “बोला बाबा,” म्हणाली आणि हसली. ताईंनी कागद ओढला आणि म्हातारा काय सांगतो आणि निशिगंधा काय विचारते, ते ऐकून शेऱ्याच्या रकान्यात लिहू लागल्या.